रेघा एकीच्या, आकडे दुसरीचे

ताईचा रिपोर्ट लांबला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्या लांबण्याचा आपल्या स्वभावाला साजेसा अर्थ लावला. भावोजींनी लॅबच्या नावाने बोटे मोडली. भाचीने तोंडाला कुलूप घातले. ताईने मात्र त्या उशिरातच बिऱ्हाड थाटले. वाईट बातमीला कुठे दम निघतो, असे ती शिलाई मशीनवर पडद्याची किनार दुमडता दुमडता म्हणाली. यायची असती तर ती एव्हाना येऊन, बसून, दोनदा पाणी मागून गेली असती. स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, तशी मशीनची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

धाकटी दारात उभी राहून ती सुई पाहत होती. आईवडील गेल्यावर याच सुईने तिला वाढवले होते. लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवून ताईने धाकट्या बहिणीला कॉलेजात घातले, आणि ती कॉम्प्युटरचे शिकून एका लहानशा कंपनीत लागली. ताईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा ज्या लॅबमध्ये तपासायला दिला होता, तिथल्या काउंटरवर चालणारी वेबसाइट धाकटीनेच लिहिलेली होती. त्यामुळे घरातले सगळे तिच्याकडे असे पाहत, जणू तो रिपोर्ट तिनेच मुठीत आवळून धरला आहे.

“तुझंच दुकान आहे ना ते?” भावोजी म्हणाले. “मग बघ की आत शिरून.”

तिने पाहिले होते. ताईच्या नंबरासमोर लिहिले होते, नमुना मिळालेला नाही. काउंटरवरच्या बाईंना फोन केला, तर त्यांनीही तेच वाचून दाखवले. शेवटी धाकटीने ऑफिसातून सुट्टी घेतली आणि सकाळी लॅब उघडायच्या वेळेला ती पायरीवर हजर झाली.

ती वेबसाइट दिसायला अगदी साधी होती. काउंटरवरच्या बाई पेशंटचे नाव, वय, व्यवसाय आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव भरत. बटण दाबले की पेशंटला नंबर मिळे आणि त्या नंबराच्या बारकोडचे चित्र स्क्रीनवर उमटे. ते छापून बरणीला चिकटवायचे. पुढे आतल्या खोलीत तंत्रज्ञ स्कॅनरचा लाल किरण त्या रेघांवर धरी, यंत्र टिक करी, आणि त्या क्षणापासून बरणीतला तुकडा त्या नंबराचा होऊन जाई. लेबलवर नाव छापायचे नाही असा लॅबचा दंडक होता. तपासताना डोळ्यांपुढे माणूस येऊ नये म्हणून. वरच्या रेघा यंत्राने वाचायच्या, खालचे आकडे माणसाने. धाकटीला एके काळी त्या रेघांचे फार कौतुक होते. जाड रेघ, बारीक रेघ, आणि दोहोंमधली मोकळी जागा. ती मोकळी जागाही काही सांगत असते, तीही वाचली जाते, याचे तिला विशेष वाटे.

काउंटरवरच्या बाईंच्या दोन तक्रारी असत. चित्रातले आकडे मुंगीच्या पायांसारखे बारीक छापले जातात, ही एक. आणि चित्र तयार व्हायला इतका वेळ लागतो, की तेवढ्यात रांगेतला माणूस माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा होतो, ही दुसरी. धाकटीने दोन्ही मनावर घेतल्या. आकडे तिने चित्रातून काढून टाकले आणि वेबसाइटने ते वेगळे, ठळक छापावेत असे केले. चित्रे तिने रोज सकाळी, पेशंट यायच्या आधीच, ओळीने तयार करून ठेवायला लावली. दिवसाचे नंबर एकामागून एक असेच जाणार. मग जो येईल त्याला ओळीतले पुढचे चित्र द्यायचे, की झाले. बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी धाकटीला आपल्या डब्यातला अर्धा घास बळेच खायला घातला. आकडे गेले म्हणजे चित्र मुके झाले, आपण कोण ते आता त्याला सांगता येणार नाही, हे तेव्हा कुणाच्याही ध्यानात आले नाही. जिने ते मुके केले तिच्याही नाही.

लॅबच्या बाहेरच्या खोलीतून आत जाताना धाकटीची नजर खिडकीजवळच्या खुर्च्यांकडे गेली. तुकडा काढायला आणले त्या दिवशी ताई तिथेच बसली होती. ताईच्या शेजारी एक बाई होती, चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली. बसल्या बसल्या तिने ताईचा चष्मा मागून घेतला, पर्समधून बोटभर पेचकस काढला आणि उजव्या दांडीचा सैल स्क्रू पिळून परत दिला. नाकावरून घसरणाऱ्या चष्म्याने माणूस उगीच केविलवाणा दिसतो, असेही वर ऐकवले. ताईने तिचे नाव चष्मेवाली ठेवून टाकले.

मग ताईची पाळी आली. काउंटरवरच्या बाईंनी सगळे भरले, बटण दाबले, आणि ताई खुर्चीतून उठली. आज नको, म्हणाली. एकीचे पडदे द्यायचे राहिलेत, ती माझा जीव खाईल. भ्यालेल्या माणसाला कामे आठवतात. धाकटीने समजावले, हात धरला, थोडे रागावूनही पाहिले. ताई दारापर्यंत गेलीच. बाईंनी नोंद रद्द केली. तेव्हा रांगेतली चष्मेवाली तिथूनच म्हणाली, “बसा हो तुम्ही. घाबरायचं काय त्यात? ही मी तुमच्या मागेच आहे.”

बहिणीने हात धरून जे झाले नाही, ते परक्या बाईच्या एका वाक्याने झाले. ताई फिरली. बाईंनी नोंद पुन्हा केली. सगळे हायसे वाटून हसले होते, हे धाकटीला स्पष्ट आठवत होते.

आतल्या खोलीत तंत्रज्ञ तिची वाटच पाहत होता. त्याच्यापुढे दोन कोडी होती, म्हणाला. ताईंचा नंबर आहे, पण त्याची बरणी नाही. आणि त्याच दिवसाची एक बरणी आहे, जिला नंबर नाही. रेघा स्कॅन केल्या तर यंत्र म्हणते असा नंबर दिलेलाच नाही, आणि खालचे आकडे हाताने टाकले तर म्हणते हा नंबर येऊन गेला. त्याने ती बरणी बाजूला ठेवून दिली होती. लॅबच्या डॉक्टरबाईंनी तिची काचपट्टी करून भिंगाखाली पाहूनही ठेवली होती.

“हीच असणार तुमच्या ताईंची,” तो म्हणाला. “लेबल बिघडलं असेल काहीतरी. पेढे आणा. त्यात काही नाही निघालेलं, एकदम स्वच्छ आहे.”

धाकटी टेबलाला टेकली. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी सहज, चहाचा कप उचलावा तसा उचलून नेला होता. ताईला आधी फोन करावा की घरी जाऊनच सांगावे, असे ती मनात ठरवत होती, आणि तिचा हात तिच्या नकळत बरणी फिरवत होता. लेबल समोर आले. ठळक आकडे, तिनेच ठळक केलेले. ते ताईचे नव्हते. तो त्या दिवसाचा शेवटचा नंबर होता. ताई तर सकाळच्या पहिल्या काही जणींत होती.

त्या आनंदाला तिने आणखी थोडा वेळ धरून ठेवले. छपाईत काहीही होऊ शकते, असे स्वतःला सांगून पाहिले. पण मन एकदा हिशेबाला लागले की त्याला दयामाया नसते. सुरुवातीजवळ एक नंबर बिनबरणीचा. शेवटाला एक बरणी बिननंबराची. मधल्या सगळ्यांचे बिनतक्रार जुळलेले.

लहानपणी शाळेच्या घाईत ती सदऱ्याची बटणे लावी, तेव्हा असेच व्हायचे. सगळी बटणे कशी छान लागत जात, आणि अखेरीस दिसे की वर एक काज रिकामे राहिले आहे आणि खाली एक बटण उरले आहे. ताई हसायची, पुढ्यात उकिडवी बसायची आणि म्हणायची, आता वरून पुन्हा. एकच काज चुकलेले असे. पण त्याच्या खालचे प्रत्येक बटण दुसऱ्याच्या काजात असे.

ताई उठून दारापर्यंत गेली होती. नोंद रद्द झाली, तेव्हा तिचा नंबर परत आला आणि पुन्हा तिलाच मिळाला. चित्र परत आले नाही. ते एकदा ओळीतून निघाले ते गेलेच. परत फिरलेल्या ताईला तिचाच नंबर मिळाला, आणि त्यावर रेघा लागल्या पुढच्या बाईच्या. पुढच्या बाईवर तिच्या पुढचीच्या. दिवस संपेपर्यंत तसेच. रद्द झालेल्या नोंदीचे चित्र ओळीत परत ठेवायचे, एवढी एक गोष्ट धाकटी लिहायला विसरली होती.

त्या दिवसाच्या बरण्या कुठे आहेत, असे तिने विचारले. बरणी कुणी डोळ्यांनी शोधतच नसे; नंबर टाकला की यंत्र कप्पा सांगे, आणि ताईच्या नंबराला यंत्राने कप्पाच दिला नव्हता. तंत्रज्ञाने पेटी काढून दिली आणि तो दुसऱ्या कामाला गेला. ताईची बरणी शोधायला तिला कष्ट पडले नाहीत. ती तिथेच होती, पहिल्या रांगेत, आपले आकडे समोर करून, इतके दिवस.

तिने स्कॅनर उचलला. लाल रेघ बरणीच्या गोलाईवर नीट बसेना, आणि यंत्राला वाचता येईना. दुसऱ्या हाताने तिने बरणी घट्ट धरली. टिक झाले. स्क्रीनवर पुढचा नंबर आला. त्यापुढे दुसऱ्या बाईचे नाव, व्यवसायाच्या रकान्यात चष्म्याचे दुकान, आणि त्याखाली रिपोर्ट. तो वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. गाठ वाईट होती.

खोलीत कुणी नव्हते. फ्रिज घरघरत होता. जगात ही गोष्ट एवढ्या घटकेला फक्त तिला ठाऊक होती, आणि ती अजून मागे ढकलता येईल असा एक वेडा, लाजिरवाणा विचार तिच्या मनाला चाटून गेला. बरणी पुन्हा रांगेत ठेवायची. ती स्वच्छ बरणी ताईची मानायची. एक दिवस. ताईला एक दिवस पडदे शिवत हसू द्यायचे. मग तिला खिडकीजवळची ती बाई आठवली, पर्समध्ये पेचकस घेऊन फिरणारी, आणि ती उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली.

डॉक्टरबाईंना आधी ते पटेना. तुमच्या यंत्राला चूक माहीत नाही, असे तुम्हीच आम्हाला शिकवले होते, असे त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. धाकटीने बरणी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि स्कॅनर त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिले. मग चष्मेवालीच्या नंबराची बरणी मागवली, तिच्यावरही केले; तिथे आणखी पुढच्या बाईचे नाव आले, आणि रिपोर्ट स्वच्छ. त्यांनी पहिली बरणी पुन्हा हातात घेतली.

“कुणाची आहे ही?”

“माझ्या बहिणीची.”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिले, आणि मग घड्याळाकडे. “ज्यांना हा रिपोर्ट गेलाय, त्यांचं आज समोरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळचंच.”

त्यांनी फोन उचलला. पलीकडे घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. त्यांनी दुसरा नंबर लावला, आणि दुसऱ्या हाताने त्या दिवसाच्या सगळ्या बायकांची नावे काढायला तंत्रज्ञाला खुणावले. एकूण एक रिपोर्ट मागे घ्यावा लागणार होता. धाकटी तोवर थांबली नाही. हॉस्पिटल मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होते. ती कशी पळाली हे तिला नंतर कधीच नीट आठवले नाही. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढताना कुणीतरी शिवी दिली, आणि ती आपल्याला शोभणारीच आहे असे वाटले, एवढे आठवत होते. तिने एकच गोष्ट मनात घट्ट धरली होती: त्या बाईला कापू नये. तिच्या मागे दुसरी गोष्ट उभी होती, तिच्याकडे ती वळून पाहत नव्हती.

ऑपरेशनच्या मजल्यावर दाराशी बसलेल्या माणसाने तिला अडवले. पेशंटच्या कोण, असे विचारले. धाकटी म्हणाली, “त्यांच्या पुढे होतो आम्ही रांगेत,” आणि तो माणूस या वेड्या बाईचे काय करावे म्हणून नर्सला बोलवायला वळला, तेवढ्यात ती आत शिरली.

लांब बोळात एक ट्रॉली उभी होती. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, केस टोपीत कोंबलेले, डोळ्यांवर चष्मा नाही. आतल्या दरवाजापर्यंत चार पावले उरली होती. धाकटीने ट्रॉलीची दांडी पकडली आणि ती काय बोलली हे कुणालाच कळले नाही. पण ती दांडी सोडेना. नर्स ओरडत होती. मग आतून सर्जन बाहेर आले, कानाला फोन लावून, कपाळाला आठ्या घालून, आणि फोनवरच्या माणसाला एवढेच म्हणाले, “हो, इथेच आहेत त्या. थांबवतोय.”

सर्जननीच बाईला सांगितले, सावकाश, दोनदा. रिपोर्ट तुमचा नव्हता. तुमचा तपासून झालाय, त्यात काही नाही. तुम्ही घरी जाऊ शकता.

चष्मेवालीला ते पोचायला वेळ लागला. पोचले तेव्हा ती मोठ्याने हसली. बोळ दणाणून जावा असे हसली, आणि ते हसू कुठे थांबवायचे हे तिचे तिलाच कळेना. मग ती कोपरावर उठून बसली, डोळे बारीक करून समोरच्या धूसर आकृतीकडे पाहू लागली.

“मग कुणाचा तो?”

सर्जननी धाकटीकडे पाहिले. धाकटीला वाटले होते की हे वाक्य प्रथम ताईपुढे बोलावे लागेल. त्याची तयारीही झाली नव्हती.

“माझ्या ताईचा,” ती म्हणाली. “तुम्ही तिच्या मागे होतात.”

बाईने टोपी काढली. केस विस्कटून चेहऱ्यावर आले. “उजवी दांडी सैल होती, त्या?” तिने विचारले. धाकटीने मान हलवली, मग बाईला दिसत नाही हे ध्यानात येऊन हो म्हणाली.

नर्सने चष्मा आणून दिला. तो घालून चष्मेवालीने धाकटीकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. ती आभार मानणार नव्हती, रागावणारही नव्हती. दोन्हींना तिच्यात जागा उरली नव्हती. झगा सावरत ती ट्रॉलीवरून खाली उतरली, दोन पावले गेली आणि पाठमोरीच म्हणाली, “मी हसले ते त्यांना नका सांगू.”

घरी ताई मशीनवरच बसली होती. खोलीभर पडद्याचे कापड पसरलेले, त्यातून वाट काढत धाकटी आत आली.

“सापडली का गं माझी बरणी?” ताईने वर न पाहता विचारले. “नसेल सापडली तर राहू दे बाई. गेली ती पीडा.”

“सापडली,” धाकटी म्हणाली.

सांगायचे कसे, याची वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये त्या एका शब्दात संपली. ताईचा पाय मशीनवरून खाली आला. धाकटी तिच्यापुढे जमिनीवर बसली, जशी ताई एके काळी तिच्यापुढे उकिडवी बसे, आणि काहीही मागे न ठेवता सांगत गेली: रद्द झालेली नोंद, न परतलेले चित्र, बटणे आणि काजे, चष्मेवाली. हसण्याचे तेवढे सांगितले नाही. ताई ऐकत होती आणि हातातल्या किनारीला नखाने घडी पाडत होती.

“तिला कापलं नाही ना?”

“नाही.”

“मग झालं,” ताई म्हणाली. तिने किनारीला पाडलेली घडी पुन्हा उलगडली. “म्हणजे मी त्या दिवशी उठलेच नसते, तर...”

“तरी गाठ तुझीच होती, ताई.”

“ते झालंच गं. पण निदान तिच्या मागे लागली नसती.”

तिने हातशिलाईची सुई काढली, दोरा जिभेवर ओला केला, नेढ्याशी नेला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. चष्मा नाकावर घट्ट बसलेला होता. शेवटी तिने सुई आणि दोरा दोन्ही धाकटीच्या हातात दिले. “ओव तू,” म्हणाली. “मला आज दिसायचं नाही.” धाकटीलाही दिसत नव्हते. दोघी बहिणी त्या एका सुईपाशी संध्याकाळ होईतो बसून राहिल्या, आणि भावोजी आले तेव्हा ती ओवायचीच होती.

पुढे त्यातून सुटका झाली नाही. दुसऱ्या लॅबमध्ये तीच काचपट्टी दाखवली, तिसऱ्या डॉक्टरांना विचारले. सगळ्यांनी तेच वाचले. भावोजी धाकटीशी बोलेनासे झाले. त्यांना बोल तरी कसा लावावा! तिने आपल्या कंपनीत सगळे लिहून दिले, आकडे पुन्हा चित्राच्या आत घातले, चित्रे ओळीने आधी करून ठेवणे बंद केले. काउंटरवर पुन्हा रांग साचू लागली. काउंटरवरच्या बाईंनी मात्र या खेपेला तक्रार केली नाही; त्या प्रत्येक लेबल डोळ्यांपाशी नेऊन मुंगीचे पाय एकेक करून वाचत.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या नर्सने ताईच्या मनगटाला कागदी पट्टा बांधला. त्यावर बारकोड होता. ताईने चष्मा काढून धाकटीजवळ दिला. त्याशिवाय तिचा चेहरा फार तरुण आणि फार अनोळखी दिसत होता.

“एकदा स्कॅन करून बघता?” धाकटी नर्सला म्हणाली.

नर्स वैतागली. मघाशीच केलंय, म्हणाली. आम्ही काय पहिल्यांदाच बांधतोय? पण धाकटीच्या तोंडाकडे पाहून तिने पुढे काही न बोलता स्कॅनर काढला. लाल रेघ ताईच्या मनगटावर पडली, हाडाच्या उंचवट्यावर किंचित वाकली. ताईने मुद्दाम हात ताठ धरला होता, लहान मुलीसारखा.

आणि त्या क्षणी, आपल्या एका चुकीने एका बाईला या दारापर्यंत आणून सोडणाऱ्या धाकटीला, ती चूक पुन्हा व्हावी असे जीव तोडून वाटले. पुन्हा एकदा रेघा सरकाव्यात. कुणाचेही, कुणा परकीचे नाव यावे. असे वाटले याची लाज नंतर आयुष्यभर पुरणार होती. तेव्हा मात्र तिच्यात दुसरे काहीच नव्हते.

टिक झाले. स्क्रीनवर ताईचे नाव होते, पूर्ण, एकही अक्षर न चुकता.

“बरोबर आहे ना गं?” उशीवरून ताईने विचारले. तिला तिथून दिसत नव्हते.

“बरोबर आहे,” धाकटी म्हणाली, आणि ट्रॉली हलली तशी तिच्या शेजारून चालू लागली, मुठीतल्या चष्म्याची दांडी हाताला टोचत असताना.